डिलिव्हरीची लाईन धरू का? आधी गाडी कुणाची ते विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे: तासगाव तालुक्यातला मुलगा, वय २३, बी.कॉम. झालेला. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, जमलं नाही. आता सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका पार्सल हबचा ठेकेदार म्हणतोय, ‘स्वतःची गाडी आण, महिन्याला पंचवीस हजार सुटतात.’ घरचे म्हणतात, हे काय काम आहे का? तर ही लाईन कायमची धरावी, की चार महिने करून सोडावी?

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरेच करतो. मी याच जिल्ह्यात आधी दुचाकीवर आणि मग छोट्या हत्तीवर पार्सल वाटली. आता एका हबची सकाळची पाळी बघतो. पोरं कामावर घेणं, रूट लावणं, संध्याकाळी कॅश जुळवणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळं ठेकेदार काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, दोन्ही माहीत आहे.

घरच्यांचा प्रश्न आधी उरकू. काम आहे, चांगलं काम आहे, आणि एवढ्यात कुठं जात नाही. जतच्या वाडीवर मिक्सरचं भांडं मागवणारी बाई आता परत बाजाराच्या दिवसाची वाट बघणार नाही. लग्नाच्या बोलणीत ‘पोरगा पार्सल वाटतो’ म्हटलं की समोरचे गप्प होतात हे खरं आहे, पण दोन वर्षं ‘भरतीची तयारी करतो’ म्हटल्यावरही ते गप्पच होते. तुला विचारायच्या गोष्टी दोनच: गाडी कुणाची, आणि तुझं नाव कुणाच्या पगारपत्रकावर. या दोन्हींची उत्तरं नीट असतील तर हे करिअर होतं. नसतील तर तू तुझी गाडी आणि कंबर सुट्ट्या भावात विकत असतोस.

पंचवीस हजार हा आकडा खोटा नाही, पण तो कसा बनतो ते बघ. समजा पोचलेल्या पार्सलला १४ रुपये रेट आहे, रोज ७० पार्सल ‘डिलिव्हर्ड’ झाली आणि महिन्यात २६ दिवस काम केलंस, तर २५,४८० होतात. ठेकेदार इथं थांबतो. ७० पोचवायची तर ८०-८५ घेऊन निघावं लागतं, कारण कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाचा फोन बंद असतो, कुणाचं मन बदललेलं असतं. न पोचलेल्या पार्सलचा रुपया मिळत नाही, त्याच्या दारापर्यंत जाळलेलं पेट्रोल मात्र तुझं.

शहरातला रूट रोज ६० किलोमीटर धर. माल लादून, दर दोनशे मीटरवर थांबत गाडी लिटरला ४५ च्या वर देत नाही. पेट्रोल १०५ च्या आसपास धरलं तर दिवसाला १४०, महिन्याला ३,६४०. ऑइल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर मिळून महिन्याला सरासरी १,२०० बाजूला काढ. रिचार्जचे ३००. आणि जी कुणीच धरत नाही ती झीज: वर्षाला १८-१९ हजार किलोमीटर म्हणजे चार वर्षांत पाऊण लाख. नव्वद हजारांची गाडी तेव्हा तीसला गेली तर साठ हजार गेले, महिन्याला १,२५० प्रमाणे. सगळं वजा केल्यावर तुझ्या हातात १९ हजार राहतात. शिवाय ठेकेदार १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकराची आगाऊ रक्कम, कापतो. तो रिटर्न भरून परत मिळवता येतो, पण आमच्याकडची निम्मी पोरं रिटर्नच भरत नाहीत. तू बी.कॉम. आहेस, तुझ्याकडून ही चूक होता कामा नये.

आता रोलवरची, म्हणजे पगारपत्रकावर नाव असलेली नोकरी बघ. समजा पगार १५,००० आहे. त्यातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात तेरा हजारांच्या आतच येतात. ऐकायला पडेल वाटतं. पण मालकालाही तेवढेच १,८०० भरावे लागतात, त्यातला ८.३३ टक्क्यांचा हिस्सा पेन्शन खात्याला जातो. म्हणजे दर महिन्याला ३,६०० तुझ्या नावावर साठतात. पेट्रोल भत्ता वेगळा, सणाच्या सीझनला इन्सेंटिव्ह वेगळा. ईएसआय असलं की आजारपणात वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो आणि कामावर अपघात होऊन घरी बसलास तर ९० टक्के. पार्सलवर रेट घेणाऱ्याला पाय प्लास्टरमध्ये गेला की दुसऱ्या दिवसापासून शून्य.

आणि पाय प्लास्टरमध्ये जातो. घाबरवत नाही, ज्या रस्त्यांवर फिरायचं आहे ते सांगतो. दिवाळीच्या पुढं कारखाने सुरू झाले की मार्च संपेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच जणांना मागं रिफ्लेक्टर नसतो. तासगाव, पलूस, वाळवा, कुठंही जा, संध्याकाळी सातनंतर गावाच्या रूटवर पोरगा दिसला की मला चैन पडत नाही. उरलेली पार्सल उद्या दे म्हणतो. दुसरी गोष्ट विम्याची. तुझी पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराच्या पॉलिसीवर असते. धंद्याच्या वापरात अपघात झाला की विमा कंपनी त्याच मुद्द्यावर क्लेम अडवू शकते. गाडीच्या पॉलिसीसोबत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर असतं, ते या कामात चालेल का हे एजंटाला तोंडी विचारू नकोस, लिहून माग. बँकेतून वर्षाला २० रुपयांचा २ लाखांचा सुरक्षा विमा आजच्या आज घे. असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नाव घाल, फुकट आहे. नवीन सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग कामगार, म्हणजे पगारावर नसलेला सुट्ट्या कामाचा माणूस, म्हणून आपली नोंद आली आणि ऑनलाइन कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या निधीला द्यायचे, असं ठरलं. त्यातून प्रत्यक्ष दारात काय येतं ते बघू, पण नाव नोंदलेलं असलं पाहिजे.

ठेकेदार न बोलणारी अजून एक गोष्ट म्हणजे रूट. विश्रामबाग, शंभर फुटी, वालचंद-विलिंग्डनच्या आसपासचा भाग म्हणजे मलई. हॉस्टेलच्या गेटवर एका थांब्यात दहा-बारा पार्सल सुटतात. असे रूट जुन्या पोरांकडं असतात आणि ती सोडत नाहीत. नवीन पोराला मिळतो गावाचा रूट. ‘तू तासगावचाच की, तिकडचं तुला माहिती’ असं गोड बोलून देतात. तिथं दिवसाला ४० पार्सल सुटली तरी खूप, आणि गाडी पळते शंभराच्या वर. रेट तोच असला तर तू गोत्यात आलास. म्हणून गावाच्या रूटला पार्सलमागं जास्त रेट किंवा किलोमीटरवर पेट्रोल, यातलं एक ठरल्याशिवाय हो म्हणू नकोस.

तरी गावाचा रूट शिकण्यासारखा आहे, हेही सांगतो. कवलापूर, बुधगाव, कसबे डिग्रज अशा कुठल्याही गावात एका नावाचे तीन पाटील निघतात, आणि पत्त्यावर लिहिलेलं असतं फक्त ‘मु.पो.’ आणि पिनकोड. फोन केला की उत्तर येतं, ‘मळ्यात हाय. कॅनॉलच्या कडंनं सरळ या, डीपी लागंल, तिथनं खाली वळा, कुत्रं बांधलंय, भिऊ नका.’ नकाशावर यातलं काहीच नसतं. पावसाळ्यात तर त्या वाटेवर काळी माती चाकात बसते, मडगार्ड काढून काठीनं चिखल खरवडावा लागतो. मग तू शिकतोस की मळ्यातली मंडळी सकाळी दूध घालायला डेअरीवर येतात. सातला डेअरीपाशी थांबलास तर सहा मळ्यांची पार्सल एका जागी जातात. गावातला किराणा दुकानदार, पतसंस्थेचा शिपाई, एसटी स्टँडवरचा चहावाला यांच्याशी ओळख झाली की तुझी निम्मी पायपीट वाचते. जतच्या पूर्वेकडं कन्नडचे चार शब्द आले तर अजून बरं. ही माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही. ज्याच्या डोक्यात ती आहे त्याला हबवाला सहजासहजी सोडत नाही. तुझी खरी बोली करायची ताकद ती, बाकी गाडी काय, कुणीही आणतो.

शहरालाही असंच वेळापत्रक आहे. मिरजेत दवाखान्यांची पार्सल ओपीडी भरायच्या आत द्यायची, नाहीतर रिसेप्शनवर अर्धा तास जातो. कुपवाड एमआयडीसीत गेटवरचा वॉचमन स्टोअरला फोन लावतो, स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो, म्हणून तिथं बारा वाजायच्या आत पोच. हरभट रोड, मारुती रोडच्या दुकानांना साडेदहाच्या आधी गेलास तर शटर बघून परत. गावभागातल्या बोळात दुपारी जा, माणसं घरात सापडतात. सकाळी हबवर बॅग भरताना हे सगळं डोक्यात असलं पाहिजे. पोरं ॲपनं दिलेल्या क्रमानं माल भरतात आणि मग रस्त्यात उभं राहून बॅग उपसतात. चांगला पोरगा रनशीट, म्हणजे दिवसाच्या पार्सलची यादी, एकदा वाचतो, पार्सलवर मार्करनं आपल्या क्रमाचा आकडा टाकतो आणि शेवटचं पार्सल सगळ्यात आधी तळाला घालतो. पातळ पाकिटं वेगळ्या पिशवीत पुढं. स्कॅनिंगनंतर या कामाला वीस मिनिटं जातात आणि दिवसाचा तास-दीड तास वाचतो. नवीन पोरगा टिकेल की नाही हे मी त्याची बॅग बघून सांगतो.

बॅगेवरून आठवलं. बॅगेचा भार खांद्यावर येऊ द्यायचा नाही, तळ सीटवर टेकला पाहिजे. पट्टे सैल सोडून वीस-पंचवीस किलो पाठीवर वागवणारी पोरं वर्षभरात मानेला पट्टा लावून येतात. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. पाणी पी, आणि लघवी दाबून धरू नकोस. मुतखड्याची किती पोरं बघितली याला गणती नाही.

नदीचं सांगायला हवं. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला ते त्याच्या बरंच वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं तुला दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ऐकू येतील. मोठा पूर नसला तरी त्या दिवसांत लांबच्या गाड्या अडकतात, सांगलीवाडी-हरिपूरकडं जाणं बंद होतं आणि हबवर मालच येत नाही. रोलवरच्या पोराला पगार चालू राहतो. पार्सलवरचा पोरगा पुलावर जाऊन पाणी बघत बसतो. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये दुप्पट माल येतो, तेव्हा जे जास्तीचे मिळतात त्यातले निदान एका महिन्याच्या खर्चाएवढे पावसाळ्यासाठी वेगळे ठेव. दिवाळीनंतर माल उतरतो आणि त्याच वेळी सीझनला भरलेली जादा पोरं अजून हबवर असतात, तेव्हाही रोजचा आकडा खाली येतो.

आता कॅश. या लाईनमधून जेवढी पोरं बाहेर फेकली गेली त्यातली बहुतेक कॅशमुळं. चोर नव्हती, बेहिशेबी होती. सीओडीचे, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेले रोख पैसे खिशात, आपलेही खिशात, दुपारी त्यातूनच शंभराचं पेट्रोल टाकलं, संध्याकाळी भरू म्हणाला, भरायच्या वेळी दोनशे कमी. रोज असं झालं की महिनाअखेरी शॉर्टेज लावून पगारातून कापतात. सीओडीला वेगळा कमरेचा पाऊच ठेव, त्याला आपल्या कामासाठी हात लावायचा नाही. पाचशेची नोट गिऱ्हाइकासमोर उजेडात धर, लाजू नकोस. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर कंपनीच्या ॲपमधल्या क्यूआरवरच. ‘तुमच्या नंबरवर पाठवू का?’ असं विचारतात, नाही म्हण. पाठवणाऱ्याच्या खात्यात सायबर फसवणुकीचे पैसे आलेले असले तर तपासात तुझंही खातं गोठवलं जाऊ शकतं, आणि ते सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्यापर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो. आमच्या ओळखीत असा पोरगा आहे, दोन हजारांपायी त्याचा पगार अडकला.

रिटर्न उचलतानाही तेच. बॉक्स उघडून बघ, टॅग बघ, फोटो काढ. बुटाच्या खोक्यात जुनी चप्पल घालून परत देणारी माणसं आपल्या गावात नसतात असं समजू नकोस. डोळे झाकून उचललंस तर डेबिट तुझ्या नावावर पडतं.

आणि फोन न करता ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं टाकायचं नाही. पाऊस आहे, उशीर झालाय, टीएल (टीम लीडर) ओरडतोय, मोह होतो. काही ठिकाणी टीएल स्वतःच सांगतो, रिमार्क टाक आणि शीट बंद कर. तक्रार आली की तो हात वर करतो आणि आयडी तुझा ब्लॉक होतो. फोन लागला नाही तर निदान कॉल लॉग राहतो, तो तुझा पुरावा.

पुढं काय, हे तू विचारलं नाहीस, पण करिअर म्हणतोयस तर तेच महत्त्वाचं. आयुष्यभर दुचाकी होत नाही, पस्तिशीनंतर कंबर सांगते. पुढचा एक रस्ता चारचाकीचा. साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. म्हणून लायसन्स आत्ताच काढून ठेव, खर्च मोठा नाही. पण कर्ज काढून गाडी घेऊन ‘कंपनीला लावायची’ घाई करू नकोस. हप्ता चार-पाच वर्षांचा असतो आणि गाडी बंद करायची नोटीस कधी कधी महिन्याभराचीही नसते. आधी दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर राहा, गाडीला महिन्याकाठी काय लागतं ते बघ.

दुसरा रस्ता हबच्या आतला: कॅशियर, टीएल, हब इन्चार्ज. इथं तुझं बी.कॉम. कामाला येईल. बहुतेक हबला पार्सल वाटणारी पोरं भरपूर आहेत, पण संध्याकाळी कॅश, पेंडिंग आणि रिटर्न एक्सेलमध्ये जुळवून मेल टाकणारा माणूस मिळत नाही. सहा-आठ महिने रस्त्यावर काढून या खुर्चीवर आलेल्या माणसाला पोरं मान देतात. थेट खुर्चीवर बसलेल्याला फसवतात.

तिसरा मला स्वतःला आवडणारा, पण त्याला भांडवल आणि धीर लागतो: पिकअपची, म्हणजे विक्रेत्याकडून माल उचलून पाठवायची बाजू. आपल्या जिल्ह्यातून बेदाणा, हळद, भडंग, मिरजेची तंतुवाद्यं असं बरंच बाहेर जातं. या छोट्या विक्रेत्यांचा माल नीट पॅक करून, वजन बरोबर लावून पाठवणारा माणूस कमी आहे. भडंगाचं उदाहरण घे. पाच किलोचा बॉक्स ४५ × ४५ × ४० सेंटीमीटर झाला तर कुरियरवाला लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५,००० नं भागतो आणि सोळा किलोचे पैसे लावतो. हे बिल आल्यावर विक्रेत्याचे डोळे फिरतात. बॉक्सची मापं कशी कमी करायची हे सांगणारा माणूस त्याला हवा असतो. दोन-तीन वर्षं हबवर काढलीस तर तो माणूस तू होऊ शकतोस.

घरच्यांना सरकारीच हवं असेल तर पोस्टाची ग्रामीण डाक सेवकाची भरती बघ. दहावीच्या मार्कांवर होते, परीक्षा नाही, वयाची अट चाळीसपर्यंत. डाक सेवकाचा भत्ता १०,००० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता, काम चार-पाच तासांचं, आणि पुढं खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होता येतं. दहावीला नव्वदच्या पुढं असशील तर अर्ज भर, नसशील तर त्यावर विसंबू नकोस.

पोलीस भरती आणि पूर्ण रूट एकत्र होत नाही. सकाळी सहाला ग्राउंड आणि सातला हब हे पंधरा दिवस चालतं, सोळाव्या दिवशी ग्राउंड सुटतं. अजून एक प्रयत्न करायचाच असेल तर आधी तो कर. सीझनमध्ये अर्ध्या दिवसाचं काम मागून बघ, दसऱ्याच्या तोंडावर देतात.

ठेकेदाराकडं जाशील तेव्हा रेट कार्ड व्हॉट्सॲपवर माग. पीएफचा यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मिळणार का ते विचार. शॉर्टेज आणि हरवलेल्या पार्सलचे पैसे कसे कापतात, पेमेंट किती तारखेला होतं, डिपॉझिट घेतात का, घेत असतील तर पावती देतात का, हेही. डिपॉझिट मागून पावती नाही म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार कर. आणि हो म्हणायच्या आधी एक दिवस, तुला जो रूट देणार आहेत त्याच रूटवरच्या पोरामागं बसून फिरून ये. त्याचं पेट्रोल तू टाक, दुपारचं जेवण तू दे, म्हणजे तो खरं बोलेल. सोमवारी जा, त्या दिवशी माल जास्त असतो.